‘बाई आली’ आणि ‘बाई आल्या’

माननीय अध्यक्षसाहेब आणि कार्यकारिणीतले सगळे,

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र गेल्या मंगळवारी मिळालं. येत्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडळातर्फे माझा ‘ज्येष्ठ शिक्षिका’ म्हणून सत्कार करायचा आहे, तरी एक फोटो आणि दोनशे शब्दांत माहिती पाठवावी, असं त्यात आहे. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्राचा मजकूर कोण लिहिणार हेही मला ठाऊक आहे, कारण गेली अकरा वर्षं मंडळाची मानपत्रं मीच तपासून देते. ‘विद्यादानाचा वसा’ हा शब्दप्रयोग मी दर वेळी खोडते आणि तो दर वेळी छापून येतो.

चार दिवस मी फोटो शोधला, माहितीही लिहायला घेतली. मग ते बाजूला ठेवलं आणि हे पत्र लिहायला बसले. खुलं अशासाठी की, हेच मी मंडळाच्या ऑफिसात येऊन बोलले असते तर तुम्ही ‘बसा, बाई, बसा’ म्हणाला असता आणि चहा मागवला असता. तो चहा कशातून कोणाला मिळतो, तेच तर मला बोलायचं आहे.

आधी माझी ओळख, म्हणजे कोणी परकी येऊन नावं ठेवते आहे असं वाटायला नको. माझा जन्म वडोदऱ्यातला, दांडिया बाजारातला. आजोबा गायकवाडी कचेरीत कारकून होते. मी एकतीस वर्षं इथल्या मराठी शाळेत शिकवलं. मंडळाची आजीव सभासद आहे, हळदीकुंकवाच्या वाणापासून नाट्यवाचनाच्या सतरंज्यांपर्यंत सगळं केलेलं आहे. तुमच्यातल्या तिघांना मी पाचवीत व्याकरण शिकवलं आहे. म्हणून सुरुवात व्याकरणापासूनच करते, राग मानू नका.

शाळेत माझं नाव कोणी घेत नसे. मुलांच्या लेखी मी ‘बाई’. मी वर्गाच्या दाराशी दिसले की पहिल्या बाकावरचं पोरगं मागे वळून ओरडायचं, ‘बाई आल्या!’ आणि वर्ग चिडीचूप. तीच मी दुपारी घरी जायचे. ओट्याशी सासूबाई असायच्या, आणि मागच्या दारानं भांडी घासायला येणारी यायची. सासूबाई म्हणायच्या, ‘बाई आली.’ शब्द तोच. दोघीही बाईच. तिचा माझ्याहून वीस वर्षांनी वयाचा मान मोठा होता. पण ‘ल’ला वेलांटी लागते की ‘ल्या’ होतो, तेवढ्यात आमच्या दोघींची जागा ठरून गेलेली होती. एकतीस वर्षं मी मुलांना आदरार्थी बहुवचन शिकवलं, फळ्यावर उदाहरणं लिहिली: गुरुजी आले, वडील गेले, राजे म्हणाले. ‘भांडी घासणाऱ्या बाई आल्या’ हे वाक्य मी एकदाही फळ्यावर लिहिलं नाही. तेव्हा ते सुचलंच नाही. आज याचंच जास्त वाईट वाटतं.

आता कोणी म्हणेल की बाई क्रियापदांवर काय अडून बसल्यात. आईला आपण ‘तू’ म्हणतो, विठ्ठलालाही ‘तू’च म्हणतो, म्हणून आई आणि विठ्ठल काय कमी झाले? खरं आहे. आमच्या घरी वडील ‘तुम्ही’ होते आणि आई ‘तू’, आणि जीव कोणावर जास्त होता ते सांगायला नको. तेव्हा नुसत्या सर्वनामानं काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण ‘तू’ कधी जवळिकीचा असतो आणि कधी खालचा असतो, हे ऐकणाऱ्याला बरोबर समजतं. ज्याला आपण ‘तू’ म्हणतो त्यानं उलट आपल्याला ‘तू’ म्हटलेलं चालतं का? आईला चालतं. विठ्ठल तर बोलतच नाही. भांडीवालीचं चालेल का, हे ज्यानं त्यानं आपल्या ओट्याशी उभं राहून ठरवावं.

यात एक गोष्ट आपण गुजरातीकडून शिकायला हवी होती, आणि इतक्या पिढ्या इथे राहून आपण शिकलो नाही. खाण्यापिण्यातलं सगळं घेतलं. आपण भाजी ‘समारतो’, झोपाळ्याला ‘हिंचका’ म्हणतो, पण गुजरातीतलं ‘भाई’ आणि ‘बेन’ काही घेतलं नाही. खंडेराव मार्केटमध्ये भाजीवाली मला बेन म्हणते, मी तिला बेन म्हणते, बँकेतला मॅनेजर भाई आणि रिक्षावालाही भाईच. माझी शेजारीण तिच्याकडच्या कामवालीबद्दल ‘बेन आव्यां’ म्हणते, आणि आदरानं म्हणते असंही नाही, तोंडात बसलेलं आहे म्हणून म्हणते. वागणूक तिथेही तशी काही निराळी नसते, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पण निदान जिभेला तरी वळण आहे.

आपल्याकडे त्याच्या जागी ‘मावशी’ आली. शाळेतली शिपाईबाई मावशी, दवाखान्यातली आया मावशी, डबे पोचवणारी मावशी. ऐकायला किती गोड. पण सख्ख्या मावशीला कोणी लादी पुसायला लावून स्वतः सोफ्यावर बसत नाही. मावशी म्हटलं की नाव विचारावं लागत नाही आणि दिवाळीला साडी दिली की पगार वाढवावा लागत नाही, हा माझा अनुभव आहे. तो मी स्वतःच्या घरातच घेतलेला आहे.

आता मूळ गोष्टीकडे येते.

मागच्या वर्षी मार्च महिन्यात, महाराज सयाजीराव गायकवाडांच्या जयंतीच्या कार्यक्रमाची रंगीत तालीम होती. सयाजीरावांचा जन्म ११ मार्च १८६३चा, त्यामुळे मार्चमध्ये आपल्या हॉलला हमखास तोरण लागतं. त्या दिवशी तालमीला पंचवीसेक माणसं होती. मध्यंतरात चहा झाला. आपल्याला निवेदनासाठी मदत करायला आलेला एक कॉलेजचा मुलगा, पहिल्यांदाच मंडळात आलेला, त्यानं कोणी न सांगता सगळी भांडी विसळून टाकली. कप-बशा ओट्यावर पालथ्या घातल्या, त्यांच्यातच एक स्टीलचा पेलाही पालथा घातला.

तो पेला तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीत, जाळीच्या आतल्या बाजूला, फिनाइलच्या बाटलीशेजारी असतो. बुडाला पोचा आहे, काठ एका ठिकाणी आत वळला आहे. हॉल झाडायला-पुसायला ज्या बेन येतात, त्यांचा चहा त्यात ओततात. ओततात म्हणजे वरून ओततात, पातेलं पेल्याला लागू न देता. ही कला आपल्या सगळ्यांना अवगत आहे.

त्या मुलानं पेला कपांत ठेवलेला पाहून आपल्यातलं कोणीतरी म्हणालं, ‘अरे, तो नाही, तो तिकडचा.’ आवाजात राग नव्हता. मीठ चुकून साखरेच्या डब्यात जात असताना जसं सांगतो, तसं. आणि ओट्याच्या सगळ्यात जवळ मी उभी होते. मी काय केलं? मी तो पेला उचलला आणि खिडकीत, फिनाइलच्या शेजारी, होता तिथे नेऊन ठेवला. पदराला हातही पुसले. मुलगा माझ्याकडे बघत होता. काही बोलला नाही. त्यानं पंचा उचलला आणि बशा पुसायला लागला.

अर्ध्या तासानं मी स्टेजवर गेले आणि माझा भाग वाचला. माझा भाग काय होता? ‘महाराज आणि बाबासाहेब’.

तुम्ही समोर बसला होता. मी वाचलेलं तुम्हाला आठवत नसेल, कारण ते आपण दरवर्षी ऐकतो. १९१३ साली महाराजांनी भीमराव आंबेडकरांना अमेरिकेला शिकायला पाठवलं, महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची असा करार. इथे टाळ्या. मग कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन. मग १९१७ साली ते करारानुसार वडोदऱ्याला रुजू झाले. आणि इथून पुढचं आपण भरभर वाचतो.

त्या दिवशी मला ते भरभर वाचता आलं नाही. शिकून आलेला हा माणूस स्टेशनवर उतरला आणि राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत दीड रुपया रोजानं, पारशी नाव सांगून, ते राहिले. वरच्या मजल्यावर एक लहान खोली, बाकी सगळं अडगळीनं भरलेलं दालन, रात्री एक मिणमिणता कंदील. कचेरीत शिपाई कागदपत्रं हातात देत नसत, लांबून टेबलावर टाकत. अकराव्या दिवशी सकाळी कामाला निघत असताना डझनभर माणसं हातात काठ्या घेऊन जिन्यावर आली. खोली संध्याकाळपर्यंत सोडायची. मग त्यांनी आपल्या दोन ओळखीच्या माणसांकडे विचारून पाहिलं. पहिला हिंदू मित्र काय म्हणाला, ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे: तू माझ्या घरी आलास तर माझे नोकर निघून जातील.

बघा, ‘मला चालणार नाही’ असं तो म्हणाला नाही. नोकरांना चालणार नाही, असं म्हणाला. दुसऱ्यानं बायकोला विचारावं लागेल म्हणून सांगितलं. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास बाबासाहेब कमाटी बागेत बसून होते.

त्या बागेत आपण नातवंडांना छोट्या आगगाडीत बसवायला नेत आलो आहोत. तिथला वड आता दाखवतात, संकल्पभूमी म्हणून लोक लांबून येतात, डोकं टेकतात. मी वाचत होते आणि माझ्या हाताला त्या पेल्याचा वळलेला काठ अजून लागत होता.

माझे आजोबा १९१७ साली सत्तावीस वर्षांचे होते आणि गायकवाडी नोकरीत होते. महाराजांच्या शंभर गोष्टी त्यांनी आम्हाला सांगितल्या. महाराज दत्तक येण्याआधी नाशकाकडच्या कवळाण्यात शेतकऱ्याचं पोर होते इथपासून, १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत कसं केलं इथपर्यंत. हत्ती, पेशवाई पगड्या, लक्ष्मी विलासमधले दिवे, सगळं. ही एक गोष्ट तेवढी कधी सांगितली नाही. पुढे मी कुठेतरी वाचली तेव्हा आजोबा हयात नव्हते.

आपण ही गोष्ट सांगताना नेहमी महाराज मोठे करून सांगतो, आणि ते मोठे होतेच. अंत्यजांसाठी शाळा काढल्या तेव्हा तिथे शिकवायला सवर्ण हिंदू मास्तर तयार होईनात, तर मुसलमान मास्तर नेमले, पण शाळा चालवल्या. असा राजा. तरी त्या राजाला आपल्याच शहरात आपल्याच अधिकाऱ्याला एक खोली मिळवून देता आली नाही. हुकूम दरबारातून सुटतो, पण फाइल हातात द्यायची की टेबलावर टाकायची हे शिपाई ठरवतो, आणि पाणी कोणत्या भांड्यातून द्यायचं ते स्वयंपाकघर ठरवतं. आपल्या मंडळात स्टेज महाराजांचं आहे. स्वयंपाकघर मात्र आपलं आहे.

हे मी त्या वेळी दोघा-तिघांपाशी हळूच बोलले होते, नंतर. मला मिळालेलं उत्तर तसंच्या तसं देते: ‘आम्हाला काही नाही हो, बाई. पण बाकीच्या बायकांना आवडणार नाही.’ बाकीच्या बायका म्हणजे कोण, ते मी विचारायला गेले, तर त्यांनाही काही नव्हतं, त्यांनाही बाकीच्यांचंच होतं. शंभर वर्षांत फक्त नोकरांच्या जागी बाकीच्या बायका आल्या.

आणखी एक. त्या बेनची जात मंडळात कोणाला माहीत आहे का, हे मी शोधलं. नाही. कोणी विचारलेलंच नाही. पेला वेगळा कोणी केला, तेही कोणाला सांगता येत नाही. तो आहेच, पंख्याच्या रेग्युलेटरसारखा. जात न विचारताच पेला वेगळा निघतो, म्हणजे हे काम आता झाडूच करतो. घटनेच्या १७व्या कलमानं अस्पृश्यता बंद झाली तेव्हा कागदावर जात होती. झाडू नव्हता.

महाराजांच्याच कार्यक्रमात दरवर्षी दुसरी एक गोष्ट येते आणि तिला टाळ्या जास्त पडतात. १९११चा दिल्ली दरबार. बादशहा पंचम जॉर्जसमोर एकेका संस्थानिकानं जायचं, वाकून मुजरा करायचा आणि पाठ न दाखवता मागे मागे सरकत परतायचं. सयाजीराव गेले, एकदा वाकले आणि वळून चालू लागले. केवढा गदारोळ झाला! इंग्रज वर्तमानपत्रांनी झोड उठवली, शेवटी महाराजांना खुलाशाचं पत्र द्यावं लागलं. आपण ही गोष्ट छाती फुगवून सांगतो, की बघा, आमच्या राजानं पाठ दाखवली.

आणि त्याच संध्याकाळी आपण पाहुण्यांसाठी कार्यक्रम पंचावन्न मिनिटं थांबवून ठेवतो. बाहेर उकाड्यात खुर्च्यांवर दोनशे माणसं, त्यात सत्तरी-ऐंशीचे किती तरी, रुमालानं वारा घेत. पाहुणे आले की सगळी कार्यकारिणी दाराशी धावते, पायऱ्यांवर बाजूला होते, मागे मागे सरकते. मला दर वेळी तो दरबार आठवतो आणि आपण त्यात कोणाच्या बाजूला उभे आहोत ते कळत नाही. कळतं, खरं तर.

पाहुण्यांवरून आठवलं म्हणून सांगते. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी कविता म्हणणाऱ्या मुलीला मध्येच थांबवलं. तिचा ‘ळ’ नीट होता, ‘ण’ नीट होता. तिनं आधी स्वतःची ओळख करून देताना ‘मला अहीं फार फावतं’, म्हणजे मला इथे फार आवडतं, मानवतं, असं म्हटलं होतं, एवढंच. पाहुणे म्हणाले, ‘तुमची मराठी मोठी गोड आहे, ढोकळ्यासारखी!’ सगळे हसले. अध्यक्षही हसले. मुलगी सातवीत होती. ती कविता तिनं पूर्ण केली, खाली आली, आणि त्यानंतर ती मंडळाच्या स्टेजवर आलेली नाही. मी तिच्या घरी जाऊन आले. आई म्हणाली, ‘अभ्यास असतो.’

या शहरात मराठी साहित्य संमेलन १९०९ साली झालं, १९२१ साली झालं, पुन्हा १९३४ साली झालं. पुण्यामुंबईचे साहित्यिक इथे आले, इथल्या माणसांनी त्यांना इथली मराठी ऐकवली. तेव्हाही ती अशीच असणार, थोडी गुजरातीत भिजवलेली. ज्या घरात आजीनं ती भाषा जपली, त्या घरातल्या मुलीची त्याच भाषेवरून चारचौघांत थट्टा करायची, आणि आपण दात काढायचे? शाळेत मी असल्या चुकांवर लाल शाई मारलेली आहे. पण एकीकडे वहीत, तिच्या एकटीच्या. दोनशे माणसांसमोर नाही. बरं, ‘फावतं’ ही चूकसुद्धा नाही. जुन्या मराठीत ‘फावणे’ आहेच, आपण त्याचा हा अर्थ पुण्यात विसरलो आणि वडोदऱ्यात राहू दिला. पाहुण्यांना हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तेव्हाही मी बोलले नाही. माझ्या न बोलण्याची यादी माझ्या सत्काराच्या माहितीपेक्षा लांब होईल.

पाकिटाबद्दल एकच वाक्य. त्यावर माझ्या नावाआधी ‘गं. भा.’ आहे. माझे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली, पण पोस्टमनला त्याची खबर देण्याचं कारण मला समजलं नाही. कोल्हापूरकडच्या हेरवाड गावानं २०२२ साली ठराव करून विधवांच्या बांगड्या फोडणं आणि कुंकू पुसणं बंद केलं. आपण निदान पाकिटावरून सुरुवात करू.

आता बेनकडे परत येते. मी काही उपदेश करायला गेले आणि माझीच फजिती झाली, ती सांगितली नाही तर हे पत्र खोटं होईल.

तुमचं पत्र आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी मुद्दाम हॉलवर गेले. बेन लादी पुसत होत्या. मी आधी नाव विचारलं. नऊ वर्षं त्या येतात, आणि मी पहिल्यांदा विचारलं. त्यांनी सांगितलं, आणि मग जरा थांबून माझंही विचारलं. नाव मी इथे लिहीत नाही, छापण्याची परवानगी मी मागितली नाही. मग मी चहा केला, दोन कप-बशा काढल्या, चांगल्यापैकी, निळ्या फुलांच्या, ज्या पाहुण्यांना काढतो त्या. टेबलाशी खुर्ची ओढली. म्हटलं, ‘बेसो.’

त्या बसल्या नाहीत. कपाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘ना बेन, मारा प्यालामां ज आपो. कपमां तो बे घूंटडा आवे.’

कपात दोनच घोट मावतात. पेल्यात जास्त चहा येतो. मी मनात केवढं रामायण मांडलं होतं, आणि त्यांचा हिशोब चहाचा होता. मी पेला आणला, धुतला, त्यात चहा ओतला, या वेळी पातेलं टेकवून. मग त्या बसल्या, खुर्चीवर नाही, पायरीवर, म्हणून मीही पायरीवर बसले. गुडघे दुखतात, उठताना त्यांनीच हात दिला.

मी विचारलं, मंडळाकडून तुम्हाला काय हवं? मला वाटलं पगाराचं बोलतील, सुट्टीचं बोलतील. तेही बोलल्या, नंतर. पण आधी त्यांनी मागच्या बाजूच्या संडासाकडे बोट केलं. हॉलमधले दोन्ही संडास त्या रोज धुतात. धुऊन झाले की कुलूप लावायचं आणि किल्ली ऑफिसात खिळ्याला अडकवायची, अशी त्यांना ताकीद आहे. वापरायचं नाही. सकाळी साडेसातपासून साडेबारापर्यंत त्या तिथे असतात. गरज लागली तर प्रतापनगरला घरी जाऊन येतात, चालत. पावसाळ्यातही. म्हणून सकाळपासून पाणी पीत नाहीत. चहा तेवढा घेतात.

हे त्या अगदी सपाट आवाजात सांगत होत्या, जसं आपण बसचा नंबर सांगतो. मी ऐकत होते आणि मला आठवत होतं की ही ताकीद ज्या सभेत ठरली, त्या सभेचं इतिवृत्त माझ्या अक्षरात आहे. ‘स्वच्छतागृहांचा गैरवापर टाळण्यासाठी कुलुपाची व्यवस्था करावी. सर्वानुमते मंजूर.’ सूचक, अनुमोदक, सगळं व्यवस्थित. शुद्धलेखनाची एक चूक नाही.

तेव्हा अध्यक्षसाहेब, सत्काराबद्दल माझं उत्तर असं. शाल मला नको, माझ्याकडे सहा आहेत आणि वडोदऱ्यात थंडी महिनाभर असते. मानपत्र लिहू नका, वसा-बिसा पुन्हा खोडायची ताकद नाही. तिसऱ्या दिवशी मी येईन, प्रेक्षकांत बसेन, आणि कार्यक्रम वेळेवर सुरू झाला नाही तर पंधरा मिनिटांनी उठून घरी जाईन. पाठ दाखवून.

त्या सातवीतल्या मुलीला, आता ती नववीत आहे, कविता म्हणायला बोलवा. बोलवायला कार्यकर्ता पाठवू नका. अध्यक्षांनी स्वतः जावं, कारण हसले ते होते. ती नाही म्हणाली तर आग्रह करू नका.

पेल्याचं काही करू नका. तो बेनना आवडतो. फक्त खिडकीतून काढून कपांच्या मांडणीत ठेवा, फिनाइलची बाटली खाली मोरीत जाऊ दे. आणि चहा ओतताना पातेलं टेकवा, काही होत नाही, मी टेकवून पाहिलं आहे.

उरली किल्ली. खंडेराव मार्केटच्या कोपऱ्यावर जो किल्ल्या करून देतो, त्याच्याकडे मी काल जाऊन आले. मागच्या संडासाच्या कुलपाची किल्ली ऑफिसातल्या खिळ्यावरून मी न विचारता नेली होती, त्याबद्दल माफी असावी. दुसरी किल्ली त्यानं उभ्या उभ्या करून दिली, चाळीस रुपये घेतले. मूळ किल्ली खिळ्यावर परत अडकवली आहे. दुसरी बेनच्या कंबरेला आहे. जुना ठराव रद्द करायचा तर येत्या सभेच्या विषयपत्रिकेत घ्या. इतिवृत्त लिहायला मी येईन. चाळीस रुपयांची पावती सोबत जोडली आहे. ते पैसे मात्र मला द्या.

आपली,
एक निवृत्त बाई
दांडिया बाजार, वडोदरा